मोती डोळ्याची कोंबडी

बोरखेडी, ता. सेलू
४ ऑगस्ट २०२४

आदरणीय मामाआजोबा,
सविनय जय भीम.

मी नंदिनी, तुमच्या भाचीची, रीताची मोठी मुलगी. तुम्ही मला शेवटचं पाहिलं तेव्हा मी सहावीत होते आणि तुमच्या एका कोंबड्याने माझा फ्रॉक फाडला होता. यंदा मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिलीच, म्हणून बाबांनी निकालाच्या दिवशी मोहल्ल्यात पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी वर्ध्याला जाऊन स्पर्धा परीक्षेच्या क्लासची चौकशी करून आले.

मला मात्र असील जातीच्या कोंबड्या पाळायच्या आहेत. घरात हे बोलले तेव्हा आई म्हणाली, "कोंबड्या पाळायले बी.एस्सी. काऊन लागते? मी तर चौथीच पास आहो."

तिला सांगितलं तेच तुम्हाला लिहिते. जानेवारीत एका पशुपक्षी प्रदर्शनात आम्हा विद्यार्थ्यांना मदतीला बोलावलं होतं. परीक्षक एकेक पक्षी हातात घ्यायचे, छातीचं हाड चाचपायचे, पायाची बोटं उघडून बघायचे, उभं राहणं बघायचे, आणि गुण द्यायचे. असीलच्या टेबलावर एकही पक्षी आपल्या जिल्ह्यातला नव्हता. मी विचारलं तर एकजण हसून म्हणाला, "तुमच्याकडचे असील प्रदर्शनात नसतात, कोंबडबाजारात असतात." ते मला लागलं. ज्या पक्ष्याला नुसतं उभं राहिलेलं बघत राहावं, त्याच्या पायाला लोक पातं बांधतात. मला झुंजीसाठी नाही, प्रदर्शनात मान ताठ करून उभे राहतील असे पक्षी वाढवायचे आहेत.

सगळे सांगतात, खरा जुना वंश सिंदीच्या फाटकवाल्या बाबारावांकडेच आहे. म्हणून मागते: तुमच्या घरचा एक कोंबडा आणि दोन कोंबड्या. बाबांनी मला चौदा एप्रिलपर्यंत वेळ दिला आहे. तोपर्यंत बाजारात मिळत नाही असं काहीतरी माझ्या खुराड्यात दिसलं तर ठीक, नाही तर क्लास. मी कधी येऊ? दोनदा फोन केला, पण प्रमिलामामीआजी म्हणाल्या की तुम्ही फोनवर येत नाही.

तुमची,
नंदिनी


सिंदी (रेल्वे)
१३ ऑगस्ट २०२४

चि. नंदिनी,
जय भीम अन् आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकतीस वर्षं मी रेल्वेचं फाटक उघडलं अन् बंद केलं, रिटायर होऊन पंधरा झाले, पण मले असं चार पानी पत्र कोणी लिहिलं नव्हतं. फोन मी घेत नाई. फोनवर माणूस काहीबी बोलून मोकळा होते. लिहाले बसलं की आधी नीट पाहावं लागते. तू लिहीतच जाजो.

सध्या येऊ नको. माझ्या पक्ष्यांले नवीन माणूस खपत नाई. अन् तुले पाहता येते का, हे मले अजून माहीत नाई.

येणारा प्रत्येक जण आधी कोंबडा मागते. तूही पहिले कोंबडाच लिहिला. कोंबडा डोळ्यात भरते, पण घर कोंबडीवर उभं राह्यते. अंड्याचा आकार, पिल्लाचं हाड, स्वभाव, हे सारं आधी कोंबडीत पाह्यजो. पाया घालायचा असंल तर कोंबडी निवडाले शिक.

आता काम सांगतो. पवनारले अनुसयाबाई आहे, धाम नदीच्या अल्याड, तुझ्या आईले घर ठाऊक आहे. बारा वर्षांआधी मी तिले एक कोंबडी बटईनं देल्ली होती. बटईनं म्हणजे कोंबडी माझी, दाणापाणी तिचं, अन् पिल्लं अर्धी अर्धी. माझी अर्धी मी कधी नेलीच नाई. दर तीन वर्षांनी माझ्या घरचा कोंबडा मात्र तिच्या घरी बदलून येत होतो. तिच्या अंगणात आज काय आहे ते पाहून ये. डोळे पाह्यजो, तुरा पाह्यजो, बोटं पाह्यजो. अन् आवाज कसा करतात ते जरूर लिहिजो, बारकाईनं.

बाजारातून काही घेऊ नको.

बाबाराव


बोरखेडी
२५ ऑगस्ट २०२४

आदरणीय मामाआजोबा,
सविनय जय भीम.

तुमचं पत्र आलं त्याच्या दोन दिवस आधीच मी सेलूच्या बाजारातून एक कोंबडा आणला होता. रागावू नका. तो दिसला आणि मला राहवलं नाही. लाल-काळा, मान अशी लांब, की आमच्या कुंपणावरून शेजारच्या काकूंच्या चुलीत काय शिजतंय ते बघतो. विकणारा म्हणाला, "ताई, हा खानदानी आहे." मी त्याचं नाव राजा ठेवलं.

पवनारला काल गेले. अनुसयाबाई अंगणात तूर निवडत होत्या. मी सगळं सांगितल्यावर म्हणाल्या, "म्हंजे तू ग्रॅज्युएट होऊन कोंबड्यांच्या मागं फिरून राह्यली?"

मी म्हटलं, "हो."

"मंग फिर बाप्पा. माह्या पोरानं तर दहावीत सोडलं अन् थो मोबाइलच्या मागं फिरून राह्यला."

खरं सांगू? तिथल्या कोंबड्या पाहून माझा हिरमोड झाला. लहानसर, मातीच्या रंगाच्या. त्यातली एक जुन्या कूलरच्या टपात बसली होती. हात लावला तशी ती पळाली नाही, उठून उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे पांढुरके आहेत, दुधात पाणी घातल्यावर दिसतं तसे. मला वाटलं आजारी आहे. अनुसयाबाई म्हणाल्या, "नाई वं, हिच्या मायचेबी असेच होते." तुरा कापल्यासारखा बसका, त्यावर दाण्यादाण्यांच्या तीन ओळी. पायाची बोटं सरळ. पिसं इतकी घट्ट चिकटलेली की छातीवर लाल कातडी दिसत होती.

आवाज: ती इतर कोंबड्यांसारखी कलकल करत नाही. घशातल्या घशात, खाली, आईच्या शिलाई मशीनचं चाक हाताने हळू फिरवल्यावर येतो तसा आवाज. आधी लांब, मग दोन तुटक. जवळ बसल्याशिवाय ऐकूही येत नाही.

राजाबद्दल काही लिहाल का?

तुमची,
नंदिनी


सिंदी (रेल्वे)
३ सप्टेंबर २०२४

चि. नंदिनी,
जय भीम अन् आशीर्वाद.

राजाबद्दल लिहितो. त्याले पाठीमागून उभा पाह्य. गुडघे एकमेकांजवळ येतात काय? मधलं बोट वाकडं आहे काय? तू लिहिलं नाई, पण मले दिसून राह्यलं की असणार. लांब मान मांस चारून बनवता येते, बोट नाई बनवता येत. तू नवरदेवाचा फेटा पाह्यला, घर नाई पाह्यलं. आता त्याले विकू नको अन् खाऊबी नको, आणलाच आहे तर राहू दे. पण त्याच्यापासून झालेलं एकबी अंडं उबवाले ठेवू नको.

आता पवनारची. पोरी, तू जिले आजारी समजली तिचा डोळा मोती डोळा आहे. थो डोळा जुन्या घरच्याच पक्ष्यात राह्यते. अन् तू हात लावल्यावर ती उठून उभी झाली, पळाली नाई, हे तू लिहिलं म्हणून मले समजलं की तुले थोडंफार पाहता येते.

शिलाई मशीनचं चाक. ते वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाई.

अनुसयाबाईले माझं नाव सांग अन् ती कोंबडी बटईनं माग. देईल. घरी आणल्यावर दवाखान्यातून मानमोडीची, राणीखेत म्हणतात तिची, लस टोचून घेजो, आधी लस मंग बाकी सारं. अन् रोज संध्याकाळी कोंबड्या बसल्या की खुराड्याजवळ पाच मिनिटं गुपचूप उभी राह्यजो. कोंबडीचा आजार आधी कानाले समजते, मंग डोळ्याले. घशात घरघर आली का, कोणी शिंकते का, ते ऐकजो.

नंतर केळझरच्या नानाजीकडं जाजो. त्यालेबी मी बटईनं देल्ले होते. त्याच्याकडं आता काय उरलं ते लिही.

बाबाराव


बोरखेडी
२२ सप्टेंबर २०२४

आदरणीय मामाआजोबा,
सविनय जय भीम.

राजाची बोटं वाकडी आहेत. गुडघेही. मी बाबांना सांगितलं नाही.

पवनारची आमच्याकडे आली. बाबांच्या स्कूल ऑटोतून आणली, मुलांना सोडून परत येताना. लस झाली. आई तिला "पाव्हणी" म्हणते. राजा पहिल्याच दिवशी रुबाबात तिच्याजवळ गेला, तिने एकदाच मान वर केली, आणि तेव्हापासून तो सज्जावर राहतो. मी रोज संध्याकाळी पाच मिनिटं ऐकते. बाबा विचारतात, "काय म्हणून राह्यल्या मॅडम?"

केळझरला जाऊन आले. नानाजींकडे तुमच्या वंशाची कोंबडी एकही नाही. एक कोंबडा आहे. त्यांचा साळा त्याला तीनदा कोंबडबाजारात घेऊन गेला. शेवटच्या वेळी त्याचा डावा डोळा गेला. छातीवर, मानेवर पिसं नाहीत, नुसते व्रण. नानाजी म्हणाले, "आता आंधळ्याचं काय करतं? या रविवारी नाई तं पुढच्या, भाजी होईल." मी जवळ गेले तेव्हा त्याने मान वळवून उरलेला डोळा माझ्यावर धरला. मोती डोळा आहे. बोटं सरळ. उभं राहणं असं, की ते मोडकं खुराडं त्याच्या मागे उगाच बांधल्यासारखं वाटत होतं.

पण मी त्याला घेणार नाही. झुंजीतून आलेल्या कोंबड्यावर मी माझं खुराडं उभं केलं, तर प्रदर्शनातल्या त्या हसणाऱ्या माणसाचं म्हणणंच खरं ठरेल.

आता मला स्पष्ट विचारायचं आहे. दोन महिने होत आले. मी पाहायला शिकले, तुम्ही सांगितलं तिथे तिथे गेले. तरी तुमचे पक्षी तुम्ही मला दाखवत नाही. हे सगळं सरावापुरतं होतं ना? की मी झुंजवणार नाही म्हणून तुम्हाला ते माझ्याकडे द्यायचे नाहीत? तसं असेल तर सांगून टाका, मी मागणं बंद करीन.

नंदिनी


सिंदी (रेल्वे)
३० सप्टेंबर २०२४

चि. नंदिनी,
आशीर्वाद.

माझ्या घरचा एकबी कोंबडा कोंबडबाजारात गेला नाई असं मी म्हणणार नाई. गेले. मी नेले नाई, पण नेणाऱ्याच्या हातात देल्ले, अन् काय होणार ते मले ठाऊक होतं. त्याचं मले वाईट वाटते. तुले न देण्याचं कारण ते नाई.

केळझरच्याले भाजी होऊ देऊ नको. जखम अंड्यात उतरत नाई.

दसरा होऊ दे, मंग पाहू.

बाबाराव


बोरखेडी
१४ ऑक्टोबर २०२४

आदरणीय मामाआजोबा,
सविनय जय भीम.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आम्ही सगळे नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो होतो. परत येताना मी आईला म्हटलं, तुम्ही सेलूला उतरा, मी सिंदीला मामाआजोबांना भेटून येते. तुम्हाला न विचारता आले. त्या कडक पत्रानंतर मला तुमच्यासमोर उभं राहून माफी मागायची होती.

मामीआजी घरी नव्हत्या. दार उघडं होतं. मी मागच्या अंगणात आले.

खुराडी पाहिली. सगळी झाडलेली, जाळ्यांची दारं उघडी, जमिनीवर ताजी राख पसरलेली. प्रत्येक खुराड्यात मातीचं भांडं, काठोकाठ भरलेलं, स्वच्छ पाणी. एकाही खुराड्यात एकही पक्षी नव्हता. एक पीससुद्धा नव्हतं.

तुम्ही निंबाखाली माझ्याकडे पाठ करून बसला होता. माझं एक पत्र मांडीवर उघडं होतं. मी हाक मारली, "मामाआजोबा." मग थोडं जोराने. तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा मागून मालगाडी आली, इतकी जवळून की माझ्या पायाखालची जमीन हलली. तुम्ही मान वर केली नाही. गाडी गेल्यावर तुम्ही पान उलटलं.

मी पुढे येऊ शकले असते. खांद्यावर हात ठेवू शकले असते. पण तुम्ही जे कोणालाही दाखवलेलं नाही ते चोरून पाहिल्यासारखं वाटलं, आणि मी परत फिरले. स्टेशनवर बसून रडले. एका बाईने मला केळी दिली.

मग आधीचं सगळं आठवत गेलं. फोनवर न येणं. "आवाज जरूर लिहिजो." मी तुमच्यावर काय काय आरोप केले ते आठवून मला लाज वाटते.

तुम्हाला लिहायचं नसेल तर लिहू नका. पण मी लिहीत राहीन. पाव्हणी परवापासून खडे जास्त खाते आहे, आवाज तोच, पण आता त्यात एक तिसरा तुकडा आला आहे, वर चढणारा. आई म्हणते अंड्यावर येईल.

तुमचीच,
नंदिनी


सिंदी (रेल्वे)
२४ ऑक्टोबर २०२४

चि. नंदिनी,
जय भीम अन् आशीर्वाद.

मांडीवर होतं ते शिलाई मशीनचं पत्र.

तू पुढं आली नाई ते बरं केलं. मी काहीतरी खोटं सांगितलं असतं, अन् तोंडावर सांगितलेलं खोटं परत घेता येत नाई. कागदावर घेता येते, म्हणून आता सारं लिहितो.

तीन वर्षं झाली, आधी सकाळची बांग बारीक झाली. मले वाटलं कोंबडा म्हातारा झाला. मंग पाहुण्यांचं बोलणं. मंग गाडी. रेल्वेतल्या माणसाले गाडी ऐकू येत नाई हे कोणाले सांगू? प्रमिला बोलली की मी तिचे ओठ पाहून मान हलवतो. तिले वाटते बुढ्याले बोलायचा कंटाळा येते. पोराले वाटते मी चिडलो आहे. मी तसंच वाटू देल्लं.

मार्चमध्ये मानमोडी आली. लस मी दरवर्षी टोचतो, या साली दोन महिने मागं पडली, गुडघ्याच्या दुखण्यात. तरी वाचवता आले असते. चाळीस वर्षं मी रोज संध्याकाळी खुराड्याजवळ उभा राह्यलो. या साली बी उभा राह्यलो, पोरी. रोज राह्यलो. पहिल्या दिवशी त्यांच्या घशात घरघर सुरू झाली असंल, अन् मी तिथंच उभा होतो. सारं ठीक आहे म्हणून आत गेलो. चार दिवसांनी एकीची मान वळलेली दिसली तेव्हा डोळ्याले समजलं. आठवड्यात अंगण खाली झालं. कोणाले एक शब्द सांगितला असता, प्रमिले, जरा ऐकून सांग, एवढा एक शब्द, तर निम्मे राह्यले असते.

पाणी का भरतो ते मले सांगता येत नाई. हात जाते.

तुझं पत्र आलं तेव्हा नाई म्हणणार होतो. पण तुझ्या डोळ्यानं पाहाले मिळंल असं वाटलं. पवनार, केळझर, तिथं काही उरलं आहे काय, हे मले विचाराची हिंमत नव्हती. सराव नव्हता तो. तू लिहिलं तेच माझं उरलेलं घर आहे.

मी चांगले चांगले सारे माझ्या अंगणात ठेवले अन् दुय्यम म्हणून बटईनं वाटले. जे जपून ठेवले ते एका तापात गेले. जे देऊन टाकले ते जिवंत आहेत. एवढं मले कोणी आधी शिकवलं नाई.

पवनारची अन् केळझरचा, दोघंही माझ्याच घरचे, पण बारा वर्षं वेगळ्या उंबऱ्यावर वाढले. रक्त जवळ आहे, फार जवळ नाई. तुझं मन मानत नसंल तर जोर करणार नाई. थो कोंबडा स्वतःच्या मर्जीनं झुंजीत गेला नव्हता, एवढंच.

बाबाराव


बोरखेडी
५ डिसेंबर २०२४

आदरणीय मामाआजोबा,
सविनय जय भीम.

तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं नाही, पण ती माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "मामा बरे आहेत ना?" मी हो म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी केळझरला गेले. नानाजी म्हणाले, "तू तं नाई म्हणत होती." मी म्हटलं, "मी चुकले होते." त्यांनी कोंबडा गोणपाटात गुंडाळून दिला, बदल्यात काही घेतलं नाही. फक्त साळ्यासमोर मला म्हणायला लावलं की याला पुन्हा कधी झुंजवणार नाही. मी म्हटलं. साळा जमिनीकडे बघत होता. मला वाटतं ते बोलणं माझ्यासाठी नव्हतंच.

तुम्ही बरोबर होता. मी वंश निवडत नव्हते, स्वतःला चांगलं दिसेल असं काहीतरी निवडत होते. राजाच्या वेळीही तेच झालं, याला नाकारतानाही तेच.

पंधरा दिवस मी दोघांना वेगळं ठेवलं, खाणं सुधारलं, लस दिली. मग एकत्र सोडलं. तो आंधळ्या बाजूने तिच्याजवळ जात नाही. वळसा घालून जातो, तिला दिसेल आणि त्यालाही दिसेल असा. आई सकाळी भांडी घासता घासता हे बघते. काल म्हणाली, "तुह्या बापालेबी शिकव म्हणा याले."

अंडी जमवली. पाव्हणी अंड्यांवर बसायला खुडूक झाली नाही, पण आईची गावरान कोंबडी झाली. अकरा अंडी काल संध्याकाळी तिच्याखाली ठेवली. पंचवीस तारखेला पिल्लं निघायला हवीत.

तुम्ही या. बाबा ऑटो घेऊन सिंदीला येतील. आणि मामीआजींना सांगून या. मी सांगणार नाही, ते तुमचंच काम आहे. पण ज्या घरात तुम्ही एक शब्द मागितला नाही, त्या घरात तो शब्द द्यायला कोणी नव्हतं असं मला वाटत नाही.

वाट बघते.

नंदिनी


सिंदी (रेल्वे)
२९ डिसेंबर २०२४

चि. नंदिनी,
जय भीम अन् आशीर्वाद.

घरी पोचलो. ऑटोत तुझ्या बापानं मले पुढं बसवलं. त्यानं मुलांच्या हजेरीची वही काढली अन् फाटकाजवळ गाडी उभी करून लिहिलं, "मामा, पोरगी बिघडून तं नाई राह्यली?" मी खाली लिहिलं, "नाई. पाहून राह्यली." त्यानं ते वाचलं अन् वही बंद केली. ते पान त्यानं फाडलं नाई, हे मी पाह्यलं.

चोवीसच्या दुपारचं तुले माहीत आहे, पण तू माझ्या तोंडाकडं पाहत होती, माझ्या हाताकडं नाई, म्हणून लिहितो. तू अंडं माझ्या तळहातावर ठेवलं अन् कानाले हात लावून दाखवलं, की आतून आवाज येते. मले काय ऐकू येणार? मी तुझं मन राखाले मूठ बंद केली. अन् हाताले लागलं. बारीक. एक ठोका, मंग थांबणं, मंग दोन. पिल्लू आतून चोच मारून राह्यलं होतं. चाळीस वर्षं मी अंडी कानाले लावली, हातात असं धरून कधी पाह्यलं नव्हतं. कान असताना ऐकलं त्याहून ते काही कमी नव्हतं. त्याच्यामुळं माझ्या डोळ्यात पाणी आलं. तुले वाटलं मले दुखलं.

नऊ निघाले, चांगले निघाले. आता लगेच निवडू नको. चार महिने सारे सारखे पाळजो. अर्धे पवनारले पोचव, बटई म्हणजे बटई. उरलेलेबी सारे घरी ठेवू नको.

प्रमिलेले सांगितलं. तिनं कपाळावर हात मारून घेतला अन् मंग घरात जाऊन पाटी-पेन्सिल घेऊन आली. तिनं काय लिहिलं ते सांगत नाई. तीन वर्षांचं होतं.

बाबाराव


बोरखेडी
१५ एप्रिल २०२५

आदरणीय मामाआजोबा,
सविनय जय भीम.

काल जयंतीची मिरवणूक आटोपून सगळे अंगणात बसलो. बाबांची मुदत कालच संपली. मी पिल्लं, म्हणजे आता पिल्लं नाहीत, मोकळी सोडली. मोती डोळ्यांचा एक कोंबडा आमच्या चबुतऱ्यावर चढला आणि उभा राहिला. काही केलं नाही, नुसता उभा राहिला. मोहल्ल्यातले चारपाच जण उठून त्याला बघायला जवळ आले.

बाबा म्हणाले, "हे बाजारात नाई भेटत."

मग जरा वेळाने, "क्लास सकाळचा आहे. कोंबड्या संध्याकाळी ऐकायच्या असतात ना?" मी क्लासला जाणार आहे. पुढच्या जानेवारीत प्रदर्शनालाही जाणार आहे. दोन्ही होईल.

हे पत्र बाबांसोबत पाठवते आहे, टोपल्यासह. त्यात दोन तलंगा आहेत, अजून अंड्यावर आलेल्या नाहीत. दोघींची लस झाली आहे. कोंबडा पाठवलेला नाही. आधी कोंबडी पाहावी असं मला एकाने लिहिलं होतं.

या तुम्हाला भेट म्हणून देत नाही, बटईने देते. कोंबड्या माझ्या, दाणापाणी तुमचं, पिल्लं अर्धी अर्धी. आणि मी माझी अर्धी न्यायला येणार, तुमच्यासारखी सोडून देणार नाही.

आंधळा मजेत आहे. राजा अजून सज्जावरच आहे, दुपारी एक वाजता बांग देतो.

तुमची,
नंदिनी


सिंदी (रेल्वे)
२३ एप्रिल २०२५

चि. नंदिनी,
जय भीम अन् आशीर्वाद.

टोपलं आलं. झाकण मी काढलं नाई, प्रमिलेनं काढलं. दोघी बाहेर आल्या, पळाल्या नाई, उभ्या राह्यल्या. डाव्या पायाच्या नळीवर जिच्या काळा ठिपका आहे ती तू मुद्दाम मले देल्ली, हे मले समजलं. तुझ्याकडं ठेवाची होती. चांगली निवडता येते तुले आता.

तीन दिवस मले भेव वाटलं. अंगणात पाय टाकाले भेव. मंग चवथ्या दिवशी संध्याकाळी मी पाटीवर लिहिलं, "कान तुझा." तेव्हापासून प्रमिला रोज खुराड्याजवळ पाच मिनिटं उभी राह्यते. पदर डोक्यावरून मागं घेते, कान उघडा करते. मी तिच्याजवळ उभा राह्यतो अन् तिचं तोंड पाहतो. घशात घरघर नसंल तर ती मान हलवते. परवा ती हसली. मी हातानं विचारलं, काय? तिनं हवेत शिलाई मशीनचं चाक फिरवून दाखवलं. तुझं ते पत्र मी तिले वाचाले देल्लं होतं.

बटई कबूल आहे. अर्धी न्याले येजो, अन् आली की सरळ पुढं येऊन खांद्यावर हात ठेवजो.

आज सकाळी नेहमीसारखा पाण्याचा तांब्या घेऊन अंगणात गेलो. वाकून पाह्यलं. भांड्यातलं पाणी अर्ध्यावर आलं होतं.

बाबाराव